हिस्पॅनिक वारसा जपणाऱ्यांचा सन्मान: निवड, नोंद आणि बिदागी

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधल्या एका लहान शहरात ग्रंथालयाच्या सल्लागार मंडळावर एक मराठी सदस्य आहेत. पुढच्या ‘हिस्पॅनिक हेरिटेज मन्थ’मध्ये, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या जगाशी नातं असलेल्यांच्या वारशाच्या महिन्यात, गावातल्या तिघा वारसा जपणाऱ्यांचा सन्मान करायचं मंडळाने ठरवलं आणि काम त्यांच्याकडे आलं. हाताशी ६,००० डॉलर आणि दहा महिने. आपल्याकडचे सत्कार त्यांनी भरपूर पाहिलेत, स्पॅनिश मात्र येत नाही. माणसं कशी निवडायची, त्यांना काय द्यायचं, कार्यक्रम कसा आखायचा?

दहा महिने पुरतात, पण त्यातले सहा निवडीसाठी राखून ठेवा. बहुतेक समित्या जुलैत जाग्या होतात, ओळखीच्या तिघांना फोन करतात आणि ऑगस्टभर हॉल, जेवण आणि बॅनर यांच्या मागे धावतात. अशा घाईत पुरस्कार जातो तो आधीपासून सगळ्यांना माहीत असलेल्या माणसाला: रेस्टॉरंटचे मालक, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, निवडणूक लढवलेले कुणी. ही माणसं वाईट नसतात. पण वारसा जपण्याचं काम बहुतेक वेळा दुसरीकडेच चाललेलं असतं, कुणाच्या गॅरेजमध्ये, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलावर. तिथवर पोचायला वेळ लागतो.

वेळ लागण्याचं आणखी एक कारण कॅलेंडरमध्ये आहे. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा हेरिटेज मन्थ आधी सप्ताह म्हणून सुरू झाला आणि १९८८ च्या कायद्याने त्याचा महिना झाला. सुरुवात १५ सप्टेंबरला, कारण ग्वातेमाला, ओन्दुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्ता रिका या पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन (१८२१). मेक्सिकोचा १६ ला, चिलीचा १८ ला. म्हणजे हा महिना राष्ट्रदिनांवरून ठरला आहे. परंपरांचे दिवस वेगळेच असतात. मृतांसाठी घरात वेदी मांडतात ती १ आणि २ नोव्हेंबरला. मातचीनेस, म्हणजे भाविक नर्तकांचे चमू, नाचतात ते मुख्यतः १२ डिसेंबरला, ग्वादालूपेच्या मातेच्या सणाला, आणि लारेडोसारख्या ठिकाणी ३ मेच्या सुमारास, क्रूसाच्या सणाला. पोसादास, म्हणजे नाताळाआधी घरोघर जाणाऱ्या मिरवणुका, १६ ते २४ डिसेंबर. तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, करायला सगळं घर जमतं ते नाताळाच्या आधी. तुमचे दहा महिने आत्ता, हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होत असतील तर ते भाग्यच समजा. हे सगळं ज्या दिवशी जिथे घडतं, त्या दिवशी तिथे जाऊन पाहा. सप्टेंबरच्या मंचावर मातचीनेसना ‘पाच मिनिटं नाचून दाखवा’ असं सांगू नका. तो नवसाचा नाच आहे. आषाढीची दिंडी फेब्रुवारीत मॉलमध्ये काढायला सांगितली तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटतं.

आता ‘हिस्पॅनिक’ कुणाला म्हणायचं ते नियमांत आधीच लिहून टाका. हा वाद सन्मानाच्या दिवशी अंगावर येतो. ढोबळ अर्थ असा: हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेच्या जगाशी नातं असलेला, लातिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेशी नातं असलेला. स्पेनहून आलेला फ्लामेंकोचा गिटारवादक पहिल्यात बसतो, दुसऱ्यात बसेलच असं नाही. ब्राझीलचा कापोएइराचा गुरू दुसऱ्यात बसतो, पण त्याची भाषा पोर्तुगीज. गोव्यातली मंडळी हे चटकन ओळखतील: आडनाव, चर्च, पाव आणि गिटार सगळं इबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या वळणाचं असूनही गोव्याचा तो धागा लिस्बनचा, माद्रिदचा नव्हे. तिसरा प्रश्न अधिक नाजूक. तुमच्या गावात मेक्सिकोतल्या वाहाकाहून किंवा ग्वातेमालाहून आलेली माणसं असतील, तर त्यांची घरची भाषा मिश्तेक, सापोतेक किंवा किचे असू शकते आणि ‘हिस्पॅनिक’ हा शब्द त्यांना परका, कधी बोचराही वाटतो. त्यांना नियमांतून वगळू नका. पण त्यांच्या मानपत्रात हा शब्द घालण्याआधी त्यांना विचारा.

टेक्सासपुरती एक सूचना. स्वागताच्या भाषणात ‘आपल्या स्थलांतरित बांधवांनो’ असं म्हणू नका. स्पेनच्या कॅनरी बेटांवरची कुटुंबं सॅन अँटोनिओला १७३१ मध्ये येऊन राहिली. टेक्सास अमेरिकेत आलं १८४५ मध्ये, आणि मेक्सिकोबरोबरच्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने सरहद्द रिओ ग्रांदे नदीवर पक्की झाली ती १८४८ मध्ये. कित्येक तेहानो, म्हणजे टेक्सासमधली जुनी स्पॅनिशभाषक घराणी जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्या अंगावरून पुढे गेली. अशा घरातल्या आजोबांना ‘इथे येऊन तुम्ही किती कष्ट केलेत’ असं म्हटलं की सभागृहातले निम्मे चेहरे उतरतात. आणि सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस. ही चूक छापील पत्रिकेतसुद्धा होते.

माणसं शोधताना ‘जपणारे’ आणि ‘पसरवणारे’ वेगळे धरा, कारण हे दोन स्वभाव एका माणसात क्वचित भेटतात. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकी सरकारच्या कलासंस्थेने १९८२ पासून दिलेल्या नॅशनल हेरिटेज फेलोशिपांची यादी यासाठी वाचण्यासारखी आहे. पहिल्याच वर्षी टेक्सासच्या गायिका लिदिया मेंदोसा आणि न्यू मेक्सिकोतल्या कोर्दोवाचे लाकडी संतमूर्ती कोरणारे जॉर्ज लोपेस त्या यादीत होते. १९८७ मध्ये ओरेगॉनच्या एवा कास्तेयानोस यांना ती मिळाली, कागद आणि मेण यांच्या फुलांचे मुकुट करण्यासाठी. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला आणि लग्नात हे मुकुट घालतात. २०१८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या ओफेलिया एस्पार्सा यांना, मृतांच्या वेद्या मांडण्यासाठी. स्वतः कलाकार नसलेल्या, पण संग्रह, शिकवणं आणि पाठपुरावा करणाऱ्यांसाठी त्याच योजनेत २००० पासून बेस लोमॅक्स हॉज यांच्या नावाचा वेगळा सन्मान आहे. तुमच्या तीन जागांपैकी एक अशा माणसासाठी राखावी असं माझं मत आहे. स्पॅनिश कम्युनिटी रेडिओवर तीस वर्षं रविवारचा कार्यक्रम करणारे, गावातल्या कबरस्तानाची नोंदवही ठेवणाऱ्या बाई, नाचाच्या चमूचे झगे शिवणारी शिंपीण, अकॉर्डियनच्या पट्ट्या बदलून सूर लावून देणारा कारागीर. हा कारागीर नसेल तर वाजवणारे दोन वर्षांत थंडावतात. आपल्याकडे पेटी दुरुस्त करणारे कमी झाले तेव्हा काय झालं ते आठवा. दोन्ही वाद्यांचं पोट सारखंच, धातूच्या पातळ पट्टीवर हवा.

एक नियम मात्र अजिबात सैल करू नका: ज्याने त्या वर्षी देणगी दिली, त्याला त्या वर्षी पुरस्कार नाही.

समिती सात जणांची ठेवा. त्यातले किमान चार त्या समाजातले असावेत, आणि चारही एकाच देशाचे नसावेत. टेक्सासमध्ये मेक्सिकन वंशाचे लोक संख्येने इतके जास्त आहेत की साल्वादोर, ओन्दुरास, पोर्तो रिको यांची माणसं नजरेतून सहज सुटतात. एक जण स्वतः काम करणारा कलाकार, एक ग्रंथपाल, एक पंचविशीच्या आतला. नात्यातलं किंवा स्वतःच्या वर्गातलं नाव आलं, तर त्या सदस्याने चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं, आणि हे इतिवृत्तात लिहायचं. तुम्ही स्वतः निमंत्रक राहा, मत देऊ नका; बाहेरची व्यक्ती असण्याचा हा फायदा आहे, तो वापरा.

शिफारशीचा अर्ज एका पानाचा आणि दोन भाषांत. शिवाय फोनवर स्पॅनिशमध्ये तोंडी शिफारस घेण्याची सोय ठेवा. ग्रंथालयातल्या कुणी ती उतरवून घ्यावी. फक्त ऑनलाइन फॉर्म ठेवला तर ज्यांच्या नातवंडांना इंग्रजी चांगलं येतं त्यांचीच नावं येतात. शिफारसपत्रं दोन पुरेत, पण त्यातलं एक शिष्याचं हवं. दहा नेत्यांच्या पत्रांपेक्षा ‘यांनी मला डाव्या हाताची बोटं कशी ठेवायची ते शिकवलं’ असं एक पत्र समितीला जास्त सांगून जातं. अर्जात घरचा पत्ता, जन्मतारीख आणि स्थलांतराची स्थिती विचारू नका. शहराच्या ताब्यातले कागद टेक्सासच्या माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. म्हणून जे लागत नाही ते मुळात गोळाच करू नका. नाव जाहीर करण्याआधी त्या व्यक्तीची खाजगीत संमती घ्या, आणि कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका.

अर्ज फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत घ्या. मे आणि जूनमध्ये अंतिम सहा-सात जणांच्या भेटी, प्रत्येकाकडे दोनदा, आणि त्यातली एक तरी ते शिकवत असताना. भेटीत नेमकं काय पाहायचं, हे प्रत्येक कलेचं वेगळं असतं.

टेक्सासचं कोन्हुंतो संगीत घ्या. बटणांचं तीन रांगांचं अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, म्हणजे सहा जोड्यांत बारा तारा असलेलं, गिटारपेक्षा खर्जातलं वाद्य. अकॉर्डियनवाला सगळ्यांना दिसतो. बाहो सेक्स्तो शिकवणारा दिसत नाही, आणि शिष्य कमी पडतात ते त्याच्याकडे. सॅन अँटोनिओचं ग्वादालूपे कल्चरल आर्ट्स सेंटर १९८२ पासून कोन्हुंतोचा महोत्सव भरवतं. १९८६ ची हेरिटेज फेलोशिप मिळवणारे वालेरियो लोंगोरिया तिथे मुलांना अकॉर्डियन शिकवत. नाव मोठं असलेला माणूस मुलांच्या वर्गात बसतो तेव्हा परंपरा पुढे जाते, हे तपासण्यासारखं आहे: आज शिकणाऱ्यांत वीस वर्षांखालचे किती, आणि गुरू आजारी पडले तर वर्ग कोण घेईल?

पोर्तो रिकोचा बोम्बा असेल तर नाचणारी आणि लहान ढोल वाजवणारा यांच्याकडे पाहा. इथे ताल आधी ठरलेला नसतो. नाचणारीच्या झग्याचा आणि खांद्याचा प्रत्येक झटका सुबिदोर नावाच्या ढोलावर त्याच क्षणी उमटला पाहिजे. मोठा ढोल, बुलेआदोर, मूळ ठेका धरून ठेवतो. चांगला शिक्षक मुलांना हा संवाद शिकवतो. फक्त बसवलेला नाच शिकवत असेल तर तो मंचाचा कार्यक्रम होतो, आणि समितीने हा फरक ओळखला पाहिजे.

स्वयंपाकाला समित्या ‘छान जेवण करतात’ एवढ्यावर सोडून देतात, ते मला खटकतं. मक्याचं पीठ पाकिटातून घेणं आणि निक्स्तामाल, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, घरी करणं यांत विद्येचा फरक आहे. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण अडीच-तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅमच्या आसपास खाण्याचा चुना, तोच आपला पानाचा. मका त्यात उकळायचा, रात्रभर त्याच पाण्यात मुरवायचा, सकाळी धुवून सालं काढायची आणि ओला दळायचा. चुना कमी पडला तर साल सुटत नाही आणि पीठ जुळत नाही. जास्त झाला किंवा नीट धुतला नाही तर पीठ पिवळं आणि साबणासारख्या चवीचं होतं. तामालेससाठी किती शिजवायचं आणि तोर्तियासाठी, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीसाठी किती, हे दाणा नखाने दाबून कळतं. कोणत्या गावचा मका, कुणाकडून हे शिकल्या, घरात आता हे कुणाला येतं, हे विचारा. पाकिटाचं पीठ वापरणाऱ्या बाईंनाही डावलू नका, कारण दोनशे तामालेस करायला पंधरा बायका-मुलांना दरवर्षी एकत्र बसवणं हेसुद्धा परंपरा चालवणंच आहे. फक्त मानपत्रात जे आहे ते खरं लिहा.

मृतांची वेदी मांडणाऱ्या कुणाकडे गेलात तर तुम्हाला आपलं काहीतरी दिसेल. तिथे ढिगाने वापरतात ते सेम्पासूचिल म्हणजे झेंडू, दसऱ्याच्या तोरणातला. फूल मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडे ते नंतर आलं. संभाषण सुरू करायला याहून चांगला धागा मिळणार नाही. पण मानपत्रात झेंडूची तुलना घुसडू नका, तो मान त्यांचा आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निर्णय. गुण द्यायचेच असतील तर माझा सल्ला असा: शंभरपैकी चाळीस पुढच्या पिढीला शिकवण्याला, तीस त्या कलेच्या जाणकारांच्या मते असलेल्या कसबाला, वीस समाजासाठी केलेल्या कामाला, दहा त्या परंपरेला असलेल्या धोक्याला. प्रसिद्धीला शून्य.

आता पैसे. ६,००० पैकी ३,००० तिघांना, प्रत्येकी एक हजार. १,२०० नोंदींसाठी, म्हणजे मुलाखत, फोटो, लिप्यंतर. ५०० दुभाष्यांना, ३५० मानपत्रं आणि छपाईला, ७०० वादकांना, २५० लाकडी फळ्या आणि किरकोळ. जेवणाला यात पैसे नाहीत, आणि ते मुद्दाम. जेवण वेगळ्या देणगीतून करा किंवा कॉफी आणि गोड पाव यांवर भागवा. ज्यांचा सन्मान आहे त्यांनाच ‘थोडं वाजवाल ना’ म्हणून फुकट वाजवायला लावणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी वाईट सवय. वाजवणार असतील तर त्याची बिदागी वेगळी, पुरस्काराच्या रकमेतून नाही.

पुरस्काराची रक्कम करपात्र असते, हे त्यांना निवडीच्या वेळीच सांगा. रक्कम देण्याआधी त्यांच्याकडून डब्ल्यू-९ फॉर्म, म्हणजे करदात्याचं नाव आणि क्रमांक, घ्यावा लागतो. पुरस्कार करखात्याच्या १०९९-एमआयएससी फॉर्मवर ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवतात, वाजवण्याची बिदागी १०९९-एनईसीवर. हे फॉर्म पाठवण्याची मर्यादा २०२५ पर्यंतच्या रकमांना ६०० डॉलर होती, २०२६ पासून ती २,००० आहे. पण फॉर्म आला नाही तरी उत्पन्न करपात्रच राहतं. नागरी किंवा कलेच्या कामगिरीसाठी न मागता मिळालेला पुरस्कार स्वतः हातात न घेता, देणाऱ्याकरवी थेट धर्मादाय संस्थेला वळवला, आणि त्याच्या बदल्यात पुढे मोठं काम करून द्यायची अट नसली, तर तो कराबाहेर ठेवता येतो. काही ज्येष्ठ स्वतःहून हा मार्ग पसंत करतात. तो तुम्ही सुचवू नका, विचारलं तर सांगा.

याहून महत्त्वाचं पुढचं आहे, आणि याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष नसतं. वयस्कर कलाकार एसएसआय या सरकारी आधारावर जगत असतील तर एका व्यक्तीकडे मोजली जाणारी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर जाऊन चालत नाही, जोडप्याला ३,०००. रक्कम हाती आली त्या महिन्यात ती उत्पन्न धरली जाते, आणि पुढच्या महिन्यात जे उरतं ते मालमत्ता. बँकेत आधीच १,४०० असलेल्या आजींना तुमचे हजार मिळाले आणि ते महिन्याअखेर तसेच राहिले, तर त्यांचा मासिक धनादेश थांबू शकतो. म्हणून चेक लिहिण्याआधी, एकट्यात आणि त्यांच्या भाषेत, असा काही आधार त्या घेतात का ते विचारा. घेत असतील तर अशा लाभांची माहिती असलेल्या सल्लागाराशी त्यांची गाठ घालून द्या आणि रक्कम कधी, कशी द्यायची ते तो सांगेल तसं करा. ही चौकशी राहून गेली तर तुमच्या सन्मानामुळेच त्यांचं घरभाडं थकेल.

मानपत्राकडे वळू. ‘समाजासाठी दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल’ हे वाक्य खोडा. ते कुणालाही चालतं, म्हणून कुणाचंच नसतं. ऐंशी ते शंभर शब्दांत एवढं यावं: काय करतात, कुणाकडून शिकल्या, कुठे आणि किती वर्षं, कुणाला शिकवलं, त्यांच्यामुळे गावात आज काय चालू आहे. आधी स्पॅनिशमध्ये लिहून घ्या, मग इंग्रजी करा. यंत्राने केलेला अनुवाद थेट छापू नका. छापण्याआधी मजकूर त्यांना आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. गावाचं नाव, गुरूचं नाव आणि साल यांत दुरुस्त्या निघतातच.

नावांचं सांगतो. स्पॅनिश नावात बहुधा दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. हाक मारायची किंवा यादीत लावायची ती पहिल्यावरून. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव अशा इंग्रजी सवयीने यादी केली की माणूस आईच्या माहेरच्या नावाखाली जातो. ‘दोन’ (पुरुषांसाठी) आणि ‘दोन्या’ (बायकांसाठी) हे मानाचे शब्द पहिल्या नावाला लागतात, आडनावाला नाही, जसं आपण ‘माधवराव’ म्हणतो. कलेतल्या गुरूला ‘माएस्त्रो’ किंवा ‘माएस्त्रा’. ज्येष्ठांशी ‘उस्तेद’, म्हणजे आपलं आदराचं ‘तुम्ही’. ‘तू’चा स्पॅनिश भाऊ ‘तू’च आहे आणि तो ज्येष्ठांना वापरत नाहीत. निवेदकाला नावं देवनागरीत लिहून द्यायची तुमची सोय इंग्रजीवाल्यांकडे नाही, तिचा उपयोग करा: हिमेनेस, गियेर्मो, किन्योनेस, होआकीन. ‘एच’ मुका, ‘जे’ म्हणजे ह, दोन ‘एल’ म्हणजे बहुतेक ठिकाणी य. तरीही शेवटी ज्याचं नाव त्यालाच विचारा.

फलक कोरताना सर्वाधिक गोंधळ ‘न्य’ या अक्षराचा. स्पॅनिशमध्ये ‘एन’वर लहान नागमोडी रेघ असते. ‘५० आन्योस’ म्हणजे पन्नास वर्षं. रेघ सुटली की त्याचं ‘आनोस’ होतं, आणि तो शब्द गुदद्वाराचा. कोरणाऱ्यांच्या काही जुन्या अक्षरसाच्यांत ही खूण नसते, विशेषतः मोठ्या अक्षरांत. ‘मोठ्या अक्षरांवर आघातचिन्हं लागत नाहीत’ असंही कुणी सांगेल, ते चूक आहे. कोरण्याआधीचा नमुना स्पॅनिश वाचणाऱ्या दोन माणसांकडून सहीनिशी तपासून घ्या. फलकाची फी दुसऱ्यांदा भरण्यापेक्षा हे स्वस्त.

महापौरांची उद्घोषणा हवी असेल तर शहर सचिवांकडे सहा आठवडे आधी मसुदा द्या. तो मसुदा तुम्हीच लिहिलेला बरा. राज्य विधिमंडळाचा ठराव हवा असेल तर लक्षात ठेवा, टेक्सासचं नियमित अधिवेशन विषम सालांतच, जानेवारीपासून १४० दिवस असतं. सप्टेंबरमध्ये ते चालू नसतं.

कार्यक्रम नव्वद मिनिटांचा. नेत्यांना मिळून दहा मिनिटं, आणि तेही शेवटी. सुरुवातीला ठेवले की पंचवीस होतात आणि मग ज्यांच्यासाठी सगळं केलं त्यांना ‘वेळेअभावी दोन शब्द’ म्हणावं लागतं. प्रत्येक सन्मानितासाठी वीस मिनिटं धरा: चार मिनिटांची चित्रफीत, मानपत्राचं वाचन, त्यांचं बोलणं, शिष्याचं सादरीकरण. दुभाष्या वाक्यामागून वाक्य सांगणार असेल तर बोलण्याचा वेळ दुप्पट होतो हे धरून चाला. कानात यंत्र लावून समांतर भाषांतर करणार असाल तर दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनंतर एकट्याचं भाषांतर घसरतं. नातीला ऐन वेळी ‘तू सांग ना’ म्हणून उभं करू नका. तिला आजीचं ऐकू द्या.

मेक्सिकोच्या लोकपरंपरेतला फोल्क्लोरिकोचा किंवा सोन हारोचोचा नाच असेल तर पायांखाली लाकूड हवं. सिमेंटवर किंवा गालिच्यावर सापातेआदो, म्हणजे पावलांचा ठेका, ऐकू येत नाही, आणि सिमेंटवर गुडघे जातात. पाऊण इंच जाडीच्या, चार बाय आठ फुटांच्या सहा प्लायवूडच्या फळ्या जोडल्या की सोळा बाय बारा फुटांचा मंच होतो. सांधे खालून पट्टीने जोडा, नाहीतर टाच अडकते. बोम्बाच्या ढोलांना ध्वनिवाले मागच्या रांगेत ढकलतात. तसं करू देऊ नका, ढोलवाल्याला नाचणारीचे पाय दिसलेच पाहिजेत. मारियाची वाद्यवृंद असेल तर गितारोनला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या गिटारला, स्वतंत्र माइक द्या, ट्रम्पेट मागे उभे करा. आणि त्यांना जेवणाच्या गलक्यात पार्श्वसंगीत म्हणून वाजवायला लावू नका.

सजावटीत मोठ्या टोप्या आणि खोट्या मिशा नकोत. कागदी नक्षीचे पताके, पापेल पिकादो, लावायचे तर गावात कुणी हाताने कापणारं असेल त्यांच्याकडून घ्या. साल्वादोरच्या बाईंचा सन्मान असेल त्या दिवशी टेबलावर पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, असाव्यात, टाको नव्हे. झेंडे लावणार असाल तर कोणता देश त्यांचा, हे विचारून. पोर्तो रिकोच्या माणसाला परदेशी पाहुणा समजू नका, तो जन्माने अमेरिकन नागरिक आहे.

मुलाखत ऑगस्टमध्येच घ्या, सन्मानानंतर नाही, कारण चित्रफीत त्यातूनच निघते. त्यांच्या घरी, त्यांच्या भाषेत, साठ ते नव्वद मिनिटं. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. माइक तोंडापासून एक वीत. फ्रिज आणि एसी बंद करा आणि फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. जुने फोटो घरीच स्कॅन करा, ६०० डीपीआय, टिफ. मूळ फोटो ‘दोन दिवसांत परत देतो’ म्हणून नेऊ नका. तासाभराच्या लिप्यंतराला चार ते सहा तास जातात, त्याचे पैसे द्या. संमतिपत्र स्पॅनिशमध्ये असावं आणि त्यात एखादा भाग बंद ठेवण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली असावी. औषधी जाणणारी कुरांदेरा काही प्रार्थना फक्त शिष्येला देते. ती ध्वनिफितीत आली तर सार्वजनिक करू नका. प्रती तीन: एक ग्रंथालयात, एक दुसऱ्या इमारतीत, एक पेन ड्राइव्हवर घालून घरच्यांच्या हातात, सन्मानाच्या दिवशीच.

कार्यक्रम संपल्यावर दोन कामं उरतात. एक, निवड न झालेल्यांना पत्र आणि फोन, आणि त्यांची शिफारस पुढच्या दोन वर्षांसाठी आपोआप ग्राह्य धरा, म्हणजे घरच्यांना पुन्हा अर्ज भरावा लागत नाही. दुसरं, सन्मानितांपैकी ज्यांच्याकडे तयारीचा शिष्य आहे त्यांच्यासाठी टेक्सास फोकलाइफ या संस्थेच्या गुरू-शिष्य योजनेची चौकशी करा आणि अर्ज तुम्ही बसून भरून द्या. नॅशनल हेरिटेज फेलोशिपसाठी स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही; दुसऱ्या कुणीतरी पाठवावं लागतं. तुमच्याकडे आता मुलाखत आहे, फोटो आहेत, शिष्याचं पत्र आहे. त्या अर्जाला जे लागतं त्यातलं बरंचसं तुमच्या कपाटात तयार आहे, तेव्हा ऑक्टोबरातच त्याचा पहिला मसुदा लिहायला घ्या.